रोगाचे मूळ शोधणारा डॉक्टर : रूडॉल्फ फिरखो

घरात कोणी तापाने फणफणले की पूर्वी आपल्या वस्तीत काय होत असे, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. देवऋषी येई, अंगारा लावी, नवस बोलला जाई, कोंबडे जाई आणि पुष्कळदा माणूसही जाई. धम्माचा स्वीकार करताना तुम्ही हे सारे टाकून दिले. आता तुम्ही आजाऱ्याला दवाखान्यात नेता. हे योग्यच आहे. परंतु तेथेही एक गोष्ट तुमच्या ध्यानी आली असेल. औषधाने मूल बरे होते, घरी येते आणि दोन महिन्यांनी त्याच दुखण्याने पुन्हा अंथरूण धरते. अशा वेळी एखादा शिकलासवरलेला माणूस तुसडेपणाने बोलून जातो, की ही माणसेच अशी, यांना स्वच्छता ठाऊक नाही, यांच्या रक्तातच ते नाही.

देवीचा कोप सांगणारा आणि रक्ताचा दोष सांगणारा, हे दोघे वरवर वेगळे दिसतात. पण खरे कारण शोधण्याचे काम दोघेही टाळतात. कारणावाचून काही घडत नाही, ही शिकवण आपण पत्करली आहे. मग गरिबाच्या घरी पुन्हा पुन्हा येणाऱ्या रोगाचे कारण कोठे शोधावयाचे? पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका तरुण जर्मन डॉक्टराने हाच प्रश्न विचारला. त्याला जे उत्तर सापडले ते त्याने सरकारच्या तोंडावर सांगितले आणि त्याची किंमतही मोजली. त्या डॉक्टराचे नाव रूडॉल्फ फिरखो. त्यांचे चरित्र आज तुम्हाला सांगावयाचे आहे.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशिया राज्यातील पोमेरेनिया प्रांतात, शीफेलबाइन नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंड देशात आहे. वडील शेती करीत आणि नगरपालिकेचा जमाखर्च सांभाळीत. मुलगा एकुलता एक आणि बुद्धीने तल्लख, पण त्याला डॉक्टर करण्याइतकी घरची ऐपत नव्हती. प्रशियाच्या सैन्याला डॉक्टर लागत, म्हणून बर्लिन शहरात सरकारने एक संस्था चालविली होती. गरीब परंतु हुशार मुलांना तेथे फुकट शिकता येई, आणि त्याच्या मोबदल्यात पुढे सैन्यात डॉक्टरकी करावी लागे. १८३९ साली फिरखो या संस्थेत दाखल झाले आणि १८४३ साली डॉक्टर झाले. शिष्यवृत्तीने एका खेड्यातील मुलासाठी दार उघडले, ते असे.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांना काम मिळाले. मेलेल्या रोग्यांची शवे तपासून मृत्यूचे कारण शोधावयाचे, असे ते काम होते. रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचा जो रोग आज ल्यूकेमिया म्हणून ओळखला जातो, त्याचे वर्णन त्यांनी १८४५ साली केले, आणि ते नावही त्यांनीच दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस होते. १८४७ साली एका मित्राच्या साहाय्याने त्यांनी रोगांच्या शास्त्राचे नियतकालिक सुरू केले. ते आजही त्यांच्या नावाने निघते. असा हा तरुण प्रयोगशाळेत आणि शवागारात रमला असता, तर मोठा शास्त्रज्ञ म्हणून सुखाने जगला असता. परंतु १८४८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात सरकारने त्याला एका दूरच्या प्रांतात धाडले, आणि त्याच्या आयुष्याला निराळेच वळण लागले.

त्या प्रांताचे नाव अप्पर सायलेशिया. राज्य प्रशियाचे, साहेब आणि अंमलदार जर्मन, पण खेड्यापाड्यांतील जनता पोलिश बोलणारी. कोळशाच्या आणि धातूंच्या खाणी होत्या, मोठमोठ्या जमिनी होत्या, पण त्या सरदार-जमीनदारांच्या. शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. वेठबिगार म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. उरल्या वेळात तो आपला तुकडा कसणार. त्यात पिकणार काय, तर बटाटे. बटाटे, थोडे ताक आणि आंबवलेली कोबी, हेच त्याचे अन्न. लागोपाठ काही वर्षे अतिपावसाने आणि रोगाने बटाट्याचे पीक बुडाले. लोक उपाशी मरू लागले आणि त्या उपासमारीच्या पाठोपाठ टायफसची साथ आली. हा टायफस म्हणजे आपल्याकडचा टायफॉईड, ज्याला आपण विषमज्वर म्हणतो, तो नव्हे. हा वेगळा रोग. यात भयंकर ताप चढतो, अंगावर पुरळ उठते, रोगी बरळू लागतो.

सरकार महिनोन्‌महिने स्वस्थ बसले होते. वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली तेव्हा कोठे चौकशीसाठी दोन डॉक्टर पाठविण्याचे ठरले. त्यांपैकी एक सव्वीस वर्षांचे फिरखो होते. सुमारे तीन आठवडे ते रिबनिक आणि प्लेस या जिल्ह्यांत हिंडले. त्यांनी दवाखान्यातच बसून रोगी पाहिले नाहीत, तर ते रोग्यांच्या झोपड्यांत शिरले. लाकडाच्या ओंडक्यांची एक खोली, खाली मातीची जमीन, त्याच खोलीत कुटुंब आणि कित्येक घरांतून जनावरेही. ते लोक काय खातात, कोठे झोपतात, सारा किती भरतात, मुले शाळेत जातात की नाही, शिक्षक कोणत्या भाषेत शिकवितो, याची त्यांनी विचारपूस केली. १८४७ या एका वर्षात प्लेस जिल्ह्यातील दर शंभर माणसांमागे दहा माणसे दगावली होती. रिबनिक जिल्ह्यात आठ महिन्यांत शंभरातील चौदा जणांना टायफसने गाठले होते. मदतीला धावलेले डॉक्टरही अंथरुणाला खिळले होते.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवीत नाही. त्या लोकांचे वर्णन करताना फिरखोंनी कठोर शब्द वापरले आहेत. हे लोक मळकट आहेत, आळसावले आहेत, वरिष्ठांपुढे लाचारीने वाकतात, असे त्यांनी नोंदविले आहे. बर्लिनचे अधिकारीही हेच म्हणत. पण अधिकारी जेथे थांबत, तेथून फिरखोंनी पुढचा प्रश्न विचारला. हे लोक असे का झाले? शेकडो वर्षे दुसऱ्याच्या शेतावर राबून ज्याच्या पदरात काही पडले नाही, त्याला मेहनतीचा उत्साह कोठून येणार? ज्याला स्वतःच्या भाषेत कोणी अक्षर शिकविले नाही, त्याला आरोग्याचे नियम कोण सांगणार? दारूचे व्यसन हेच यांच्या दुर्दशेचे मूळ, असेही काही जण म्हणत. परंतु साथीच्या काही वर्षे आधी धर्मगुरूंच्या मोहिमेमुळे तेथील पुष्कळ लोकांनी दारू सोडली होती. तरीही उपासमार आली आणि टायफसही आला. फिरखोंनी निष्कर्ष काढला, की दोष त्या माणसांच्या रक्तात नाही. त्यांना अशा स्थितीत ठेवणाऱ्या राज्यकारभारात आणि समाजव्यवस्थेत तो आहे.

बर्लिनला परतल्यावर त्यांनी अहवाल लिहिला. औषधांची यादी मिळेल, अशी सरकारची अपेक्षा असावी. फिरखोंनी लिहिलेले उपाय निराळेच होते. लोकांना पूर्ण लोकशाही द्या, त्यांचा स्थानिक कारभार त्यांच्या हाती सोपवा. मुलामुलींना शिक्षण द्या आणि ते त्यांच्या पोलिश भाषेत द्या. धर्मसत्तेला राज्यकारभारापासून दूर ठेवा. गरिबांवरील करांचा बोजा काढून श्रीमंतांवर घाला. शेती सुधारा, रस्ते बांधा, आणि भूमिहीन गरिबांनी एकत्र येऊन आपल्या संस्था उभाराव्यात यासाठी त्यांना साहाय्य करा. तापावरचा हा उपचार वाचून सरकारी अंमलदारांना काय वाटले असेल, याची कल्पना करा!

तुम्ही विचाराल, ताप तर जंतूंमुळे येतो, मग त्याचा मताच्या हक्काशी आणि रस्त्यांशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. टायफसचे जंतू १८४८ साली कोणालाच माहीत नव्हते. फिरखोंनाही नव्हते. दूषित हवा आणि ओलसर जमीन यांमुळे रोग पसरतो, असा त्या काळचा समज होता आणि त्यांचाही काहीसा तसाच होता. तो चुकीचा होता. १९०९ साली ट्युनिस शहरात शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने खरी गोष्ट शोधून काढली. टायफसचे रोगी रुग्णालयाबाहेर असेपर्यंत इतरांना रोग देत, पण आंघोळ घालून, जुने कपडे काढून घेऊन त्यांना आत घेतले की कोणालाही लागण होत नसे. यावरून निकोल यांनी ताडले, की हा रोग अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवा पसरवितात. याच कामासाठी पुढे १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही ऊ कोठे वाढते, ते पाहा. ज्याच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज दुसरा जोड नाही, तो कपडे काढून उकळत्या पाण्यात कसा घालणार? ज्याच्या चुलीला सरपण नाही, तो पाणी कसे तापविणार? थंडीत ऊब मिळावी म्हणून आईबाप आणि सारी लेकरे एकाच खोलीत एकमेकांना बिलगून झोपतात, तेव्हा ऊ एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जाते. उपाशी शरीराला रोगाशी झुंजण्याची ताकद उरत नाही. म्हणजे जंतू खरा, ऊही खरी. पण तिला जागा करून देणारे दारिद्र्य तितकेच खरे. ज्यांच्या घरी कपड्यांचे दोन जोड, साबण, सरपण आणि पोटभर अन्न होते, त्यांच्या घरी टायफस क्वचितच ठाण मांडून बसला. जंतूचा पत्ता नसतानाही फिरखोंनी सुचविलेल्या उपायांचा रोख म्हणूनच बरोबर ठरला.

फिरखो सायलेशियाहून परतले आणि आठवडाभरातच, मार्च १८४८ मध्ये, बर्लिनच्या रस्त्यांवर राजाच्या जुलमाविरुद्ध क्रांती पेटली. हा डॉक्टर मोर्चेबंदीवर लोकांबरोबर उभा राहिला. जुलै महिन्यात त्यांनी वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक काढले. गरिबाला उपचार मिळणे ही दया नसून त्याचा हक्क आहे, डॉक्टराने गरिबाचा वकील झाले पाहिजे, असे विचार ते त्यात मांडीत. लोकांनी त्यांना प्रशियाच्या विधिमंडळावर निवडूनही दिले, पण वय कमी असल्याने त्यांना बसू दिले नाही. क्रांती मोडली. १८४९ साली सरकारने त्यांना रुग्णालयाच्या कामावरून दूर केले. काही दिवसांनी त्यांना पुन्हा काम देण्यात आले, परंतु राहण्या-जेवण्याची सोय काढून घेतली गेली. साप्ताहिक वर्षभरात बंद पडले. अखेर त्याच वर्षी त्यांनी बर्लिन सोडले आणि बव्हेरिया राज्यातील व्युर्झबुर्ग विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

तेथेही १८५२ साली स्पेसार्ट या डोंगराळ भागात दुष्काळ पडला, तेव्हा ते पाहणीस गेले. पुन्हा तेच चित्र दिसले, आणि पुन्हा त्यांनी दारिद्र्य व अज्ञान यांकडेच बोट दाखविले. व्युर्झबुर्गच्या या वर्षांत त्यांचे शास्त्रीय कामही फार मोठे झाले. १८५६ साली बर्लिनला त्यांना सन्मानाने परत बोलवावे लागले, आणि १८५८ साली त्यांचा पेशींच्या रोगांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते आणि रोगाची सुरुवात पेशीत होते, हे मत त्यांनी जगासमोर ठामपणे मांडले. शरीर म्हणजे समान नागरिकांचे एक राज्य, असे ते समजत. त्यात कोणतीही पेशी जन्माने उच्च वा नीच नाही.

१८५९ साली ते बर्लिन महानगरपालिकेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, नगरसेवक राहिले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने गटारांच्या आणि पाण्याच्या समितीत का बसावे, असे कोणास वाटेल. फिरखोंना ते डॉक्टराचेच काम वाटत होते. तेव्हा बर्लिनच्या रस्त्यांच्या कडेने उघडी गटारे वाहत असत. मैल्याचे खड्डे घराघरांत होते. जेम्स हॉब्रेख्ट या अभियंत्याने भूमिगत गटारांची योजना तयार केली. ती योग्य आहे हे फिरखोंच्या समितीने वर्षानुवर्षे तपासून, आकडे मांडून महापालिकेला पटविले. १८७३ साली काम सुरू झाले. शहराचा मैला बाहेरच्या शेतजमिनींवर नेला जाऊ लागला आणि पुढील काळात बर्लिनमधील विषमज्वराचे मृत्यू पुष्कळ घटले. बाजारातील मांस तपासूनच विकावे यासाठीही त्यांनी झगडा केला, आणि खाटकांचा रोष पत्करला.

राजकारणात ते पंतप्रधान बिस्मार्कचे कडवे विरोधक होते. १८६५ साली चिडलेल्या बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी असे युद्ध खेळण्यास नकार दिला. पुढे १८८० ते १८९३ या काळात ते जर्मनीच्या संसदेतही होते.

त्यांच्या आणखी एका कामाची माहिती तुम्हाला असलीच पाहिजे. जर्मन वंश शुद्ध व श्रेष्ठ आणि ज्यू लोक परक्या वंशाचे, अशी भाषा त्या देशात जोर धरू लागली होती. फिरखोंच्या पुढाकाराने सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदविण्यात आला. १८८६ साली निकाल प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जर्मन मुले मिश्र रंगरूपाची निघाली, आणि ज्यू मुलांतही दर शंभरात सुमारे अकरा मुले सोनेरी केसांची व निळ्या डोळ्यांची होती. शुद्ध वंशाची कल्पना आकड्यांपुढे टिकली नाही. आपल्या देशातही रक्ताच्या शुद्धतेची कथा पुष्कळ सांगितली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात शरीरांच्या मोजमापांचाच आधार घेऊन दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत.

एवढा मोठा माणूस, पण त्याच्याही चुका झाल्या. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले, तेव्हा फिरखोंनी त्या शोधाचे महत्त्व मानावयास फार उशीर केला. परिस्थितीमुळे रोग होतो हे एकदा दिसल्यावर जंतूला श्रेय देणे त्यांच्या जिवावर आले असावे. खरे पाहता दोघांचेही म्हणणे परस्परांस पूरक होते. कोणाही थोर पुरुषाचे म्हणणे तपासूनच घ्यावे, हे येथेही ध्यानात ठेवा.

जानेवारी १९०२ मध्ये चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा विचार मात्र दूरवर गेला. त्यांचे एक शिष्य माक्स वेस्टेनहॉफर दक्षिण अमेरिकेतील चिली देशात जाऊन वैद्यक शिकवू लागले. त्या देशातील साल्व्हादोर आयेंदे या तरुण डॉक्टराने १९३९ साली आरोग्यमंत्री असताना एक पुस्तक लिहिले आणि चिलीतील बालमृत्यू, क्षय व इतर रोगांचे मूळ कमी मजुरी, अपुरे अन्न आणि कोंदट घरे यांत दाखविले. तेच आयेंदे १९७० साली राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा प्रत्येक बालकाला रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना त्यांनी हाती घेतली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगानेही साऱ्या जगाची पाहणी करून सांगितले, की माणूस कोठे जन्मतो, कसा वाढतो, कसे काम करतो, यावर त्याचे आयुष्य किती हे मोठ्या प्रमाणात ठरते.

आपल्या देशातला दाखला हवा असेल, तर क्षयरोगाचा घ्या. यावर उत्तम औषधे आहेत, तरीही २०२३ या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाख माणसे क्षयाने मेली. २०१९ ते २०२२ या काळात झारखंड राज्यात एक प्रयोग झाला. सर्व रोग्यांना औषधांबरोबर शिधा दिला गेला. मात्र निम्म्याच्या आसपास घरांत रोग्याच्या कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ आणि डाळ देण्यात आली, बाकीच्या घरांत ती दिली गेली नाही. ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. तांदूळ आणि डाळ! फिरखोंनी सायलेशियाच्या झोपड्यांत जे पाहिले, तेच येथे आकड्यांनी सिद्ध झाले.

बंधू-भगिनींनो, यातून आपण काय घ्यावयाचे? औषध सोडू नका. डॉक्टराने सांगितलेला उपचार मध्येच न थांबविता पुरा करा. देवऋषाकडे परत वळू नका. आणि तुमच्या घाणीने तुम्ही आजारी पडता असे कोणी हिणविले, तर मान खाली घालू नका, उलट चार प्रश्न विचारा. आमच्या वस्तीला पिण्याचे पाणी किती आणि कोठून येते? सांडपाणी कोठे जाते? एका खोलीत किती माणसे झोपतात? दिवसभर राबून जी मजुरी मिळते, तिच्यात मुलांना दूध आणि डाळ मिळते काय? ही उत्तरे घरोघरी फिरून कागदावर लिहून काढा. वस्तीत लिहिता-वाचता येणाऱ्या मुलामुलींना हे काम द्या. मग तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत सर्वांनी मिळून जा. सायलेशियातील शेतकऱ्याला मताचा हक्क नव्हता, त्याच्या भाषेत शाळा नव्हती. तुमच्याजवळ दोन्ही आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी, वस्तीत पुन्हा ताप येण्याआधी, त्यांचा उपयोग करा.